ट्रेनिंगला जॉबरला पाठवा

बरेच दिवस लिहीन लिहीन म्हणत होतो, आज कारखान्याला सुट्टी आहे तर लिहूनच टाकतो. मागच्या नोव्हेंबरात आमच्या मालकांनी मला दोन आठवडे बेल्जियमला पाठवलं, रेपिअर मागाच्या ट्रेनिंगला, म्हणजे ज्यात धोट्याऐवजी पट्टी आडवा धागा (बाणा) ओढून नेते तो माग. मी जॉबर आहे, म्हणजे माग लावणारा आणि दुरुस्त करणारा कारागीर, बावीस वर्षं टर्किश टॉवेलच्या मागांवर काम करतोय, आधी सोलापूरच्या पूर्व भागात साध्या पॉवरलूमवर आणि आता अक्कलकोट रोड एमआयडीसीत. त्याआधी पुण्या-मुंबईच्या पुढं कधी गेलो नव्हतो.

सिद्धेश्वर एक्स्प्रेसनं मुंबई, तिथून विमान, मग ब्रसेल्सवरून रेल्वे. गावाचं नाव ईपर, पण फ्रेंचमध्ये ईप्र, म्हणजे कागदावर एक स्पेलिंग आणि स्टेशनवर दुसरंच, त्यात कोर्ट्राइकला गाडी बदलायची, माझा जीव टांगणीला लागला होता. डब्यातल्या एका आजीबाईंना कंपनीचा कागद दाखवला, त्यांना इंग्रजी येत नव्हतं आणि मला त्यांची डच, पण उतरायची वेळ आली तेव्हा त्यांनीच येऊन माझ्या खांद्यावर हात ठेवला. ते मी विसरणार नाही.

आता मुद्द्याचं. वर्गात आम्ही सहाजण, वेगवेगळ्या देशांचे, शिकवणारे गृहस्थ साठीच्या घरातले. टॉवेलचा फुगा, म्हणजे अंगावरची धाग्यांची वेटोळी, कसा होतो हे मी रोज बघतो, दोन बीम, म्हणजे उभे धागे (ताणा) गुंडाळलेले रूळ, असतात, एकाचा ताणा घट्ट, दुसऱ्याचा ढिला, बाण्याचे पहिले दोन धागे फणी थोडे मागंच ठेवते आणि तिसऱ्याबरोबर तिन्ही एकदम पुढं ठोकते की ढिला ताणा वर उचलला जातो, तोच आपला टॉवेलचा फुगा. हे हाताला माहीत होतं. पण स्क्रीनवर कुठला आकडा बदलला की तो फुगा किती वर जातो, हे मला आजवर कुणी सांगितलंच नव्हतं, आम्ही अंदाजानं बटणं दाबत होतो. तिथं त्यांनी आकडा एकेक घर बदलून प्रत्येक वेळी कापड कापून माझ्या हातात दिलं. सहा तुकडे. अजून माझ्याकडं आहेत.

दुसऱ्या दिवशी त्यांनी विचारलं, तुमच्या शेडमध्ये दमटपणा किती असतो? मला आकडा सांगता आला नाही. पण मी सांगितलं की मे महिन्यात आमच्याकडं पारा चव्वेचाळीसपर्यंत जातो, दुपारी दोननंतर ताण्याचा धागा सारखा तुटतो आणि आमचे जुने विणकर फरशीवर पाणी मारायचे. त्यांनी पेन खाली ठेवलं आणि अर्धा तास मलाच प्रश्न विचारले. त्यांच्याकडं हवाच ओली, कोरड्या हवेत सूत कसं वागतं हे रोज बघणारा माणूस त्यांच्यासमोर बसला होता.

म्हणून मला मनापासून वाटतं की ट्रेनिंगला जॉबरला पाठवा. मी आधी जिथं होतो त्या कारखान्यात मशीन आली तेव्हा ऑफिसातले दोघं जाऊन आले, चांगली माणसं होती, त्यांना दोष देत नाही, पण मागात हात घालणारे ते नव्हतेच, मग शिकलेलं मागापर्यंत पोचणार कसं? सहा महिने एक मशीन निम्मा वेळ बंद होती. जॉबरला इंग्रजी येत नाही म्हणतात. मला तरी कुठं येतं, मशीन समोर असली की बोटानं दाखवून काम भागतं.

संध्याकाळी फिरायला जायचो. मधल्या चौकात भलीमोठी कापडबाजाराची इमारत आहे, तेराव्या शतकातली, म्हणजे हे गावही आपल्यासारखं कापडावरच मोठं झालेलं. पहिल्या महायुद्धात ती पार जमीनदोस्त झाली आणि लोकांनी जशीच्या तशी परत बांधली, 1967 पर्यंत काम चाललं. जवळच मेनिन गेट आहे, त्या युद्धातल्या शिपायांचं स्मारक, तिथं रोज रात्री आठला रस्ता थांबवून बिगुल वाजवतात, 1928 पासून, मधली दुसऱ्या महायुद्धातली वर्षं सोडून. भिंतीवर चोपन्न हजारांवर शिपायांची नावं, ज्यांना कबरसुद्धा मिळाली नाही त्यांची, आणि त्यात आपल्या हिंदुस्थानी शिपायांचीही. 1914 मध्ये ही पोरं त्या थंडीत तिथं पोचली होती. मी बराच वेळ ती नावं वाचत उभा राहिलो, मला आमच्या सोलापूरच्या, इंग्रजांनी फाशी दिलेल्या चार हुतात्म्यांच्या पुतळ्याची आठवण झाली. सोलापुरात तेव्हा रात्रीचा साडेबारा, तरी घरी फोन लावला, नुसतं बोलावंसं वाटलं.

आल्यावर पहिल्याच पाळीत पोरांनी घेरलं, काय शिकलास सांग की बे. सांगायला बसलो तेव्हा कळलं की कंपनीचं पुस्तक सगळं इंग्रजीत, आणि आमचे निम्मे जॉबर घरी तेलुगू बोलतात. मग मी वहीत मराठीत लिहून काढलं, शेजारच्या पाळीतल्या अण्णांनी त्याचं तेलुगू केलं. चाळीस पानं झाली. फुग्याचे सहा तुकडे पहिल्याच पानावर टाचलेत.

झेरॉक्स काढून ठेवल्यात. कुठल्याही कारखान्याचा जॉबर असू द्या, रविवारी सकाळी दहानंतर मी घरीच असतो, मेसेज करा आणि या. तुकडे हातात घेऊन बघायला मिळतील, ते झेरॉक्समध्ये येत नाहीत.