संतुष्ट राहणं म्हणजे हक्क सोडणं नव्हे: एक खुलासा

बीड-जालना भागातल्या ख्रिस्ती मंडळ्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक संदेश फिरतोय: "खरा ख्रिस्ती संतुष्ट असतो, त्याने थकलेली मजुरी, पीकविमा मागत बसू नये." आधार दिलाय बायबलमधल्या फिलिप्पैकरांस पत्र ४:११ चा. वचन खरं आहे, लावलेला अर्थ चुकीचा.

प्रेषित पौलाने फिलिप्पै शहरातल्या मंडळीला हे पत्र कैदेतून लिहिलं. आहे त्या स्थितीत संतुष्ट राहायला मी 'शिकलो', असं तो म्हणतो. म्हणजे त्यालाही ते आयतं मिळालं नव्हतं. पोटभर आणि उपाशी, दोन्ही दिवस काढत तो शिकला. मला या एका शब्दाचा फार आधार वाटतो. वेचणीला आलेला कापूस भिजल्यावर रात्री डोळ्याला डोळा लागला नाही, म्हणून कुणाचा विश्वास संपत नाही.

शिवाय त्याच फिलिप्पै शहरात, चौकशीविना फटके मारून गुपचूप सोडू पाहणाऱ्या अधिकाऱ्यांना पौलाने स्वतः यायला लावलं होतं (प्रेषितांची कृत्ये १६:३७). याकोबाचं पत्र ५:४ तर सांगतं, शेत कापणाऱ्यांची अडकवलेली मजुरी ओरडते आणि ते देवाच्या कानी जातं. मुकादमाकडे हिशोब मागणाऱ्या ऊसतोड कामगाराला हा संदेश पाठवण्याआधी ते पान उघडा.