प्रॅक्टिस झाली का रे?

व्हायोलिन शिकायचं आमच्या चिरंजीवांनी स्वतःच ठरवलं, त्यामुळे तक्रार करणार कुणाकडे. पियानोची पट्टी दाबली की निदान सूर तरी नीट निघतो, व्हायोलिनला सतारीसारखे पडदेच नसतात, बोट जरा सरकलं की सूर गेला आणि आमच्याकडे तो बहुतेक गेलेलाच असतो. मुलांसाठी पाव, अर्धं अशी छोटी व्हायोलिनं मिळतात, आवाज मात्र सगळ्यांचा पूर्ण.

"प्रॅक्टिस कर" म्हटल्यापासून पहिला सूर निघेपर्यंत आधी तहान लागते, मग बाथरूमला जायचं असतं, मग रोझिन, म्हणजे राळेची वडी. बोच्या, म्हणजे वाजवायच्या गजाच्या, केसांना ती लावल्याशिवाय तारेवर पकड येत नाही हे मान्य, पण हा कुस्तीआधी पैलवान माती चोळतो तसा घासत बसतो, खांदा पांढरा, सोफा पांढरा. मग ट्यूनिंग. ए ची तार ४४० हर्ट्झला लागली की ॲपचा काटा हिरवा होतो, तोवर वीस मिनिटांतली बारा गेलेली.

आणि सुरुवात नेहमी पहिल्या ओळीपासून! पहिल्या दोन ओळी तो झोपेतही वाजवेल, तिसरीत अडखळला की "थांब थांब" आणि परत पहिल्यापासून, त्यामुळे शेवटची ओळ आमच्या घरात अजून कुणी ऐकलेलीच नाही. व्हायोलिनच्या मॅडम म्हणाल्या शेवटापासून सुरू करा, अडलेले दोन बारच (ओळीतले छोटे तुकडे) घ्या, मेट्रोनोम, म्हणजे तालाचे ठोके देणारं यंत्र, मिनिटाला ६० ठोक्यांवर ठेवा आणि तीनदा बिनचूक आलं की मगच चार-चारने वाढवा, नाहीतर हाताला चूकच पाठ होते. उपाय खरंच लागू पडतो, फक्त मेट्रोनोमशी याचं वैर. मेल्त्सेल नावाच्या गृहस्थाने १८१५ मध्ये त्याचं पेटंट घेतलं आणि १८१७ मध्ये संगीतकार बीथोवनने आपल्या सिम्फनींना वेगाचे आकडे देऊन टाकले, त्यातले काही इतके फास्ट की त्याचं यंत्रच बिघडलेलं असावं असं काही जण म्हणतात. हे कुठूनतरी याच्या कानावर गेलंय. हल्ली ताल चुकला की "आई, आपलंही बिघडलंय बहुतेक."

माझं काम काय, तर फोन लांब ठेवून गप्प बसायचं. हे फार अवघड आहे हो. बेसूर लागला की भुवई सुद्धा हलवायची नाही, त्याला ते ऐकू आलेलं असतं. उगाच "वा वा" पण करायचं नाही, एकदा केलं तर म्हणाला "तुला कळलं तरी का काय वाजवलं?" त्यापेक्षा "आज कुठला बार त्रास देतोय?" विचारलं की गडी स्वतःहून दाखवत बसतो. आणि पाहुण्यांसमोर "वाजवून दाखव रे" ला आमच्याकडे बंदी आहे, पाहुण्यांच्याच भल्यासाठी.

आमच्या मॅडम सुझुकी पद्धतीच्या. जपानच्या शिनिची सुझुकींचं म्हणणं असं की मूल मातृभाषा शिकतं तसं ऐकून ऐकून संगीत शिकतं, आणि आईबापानेही थोडं वाजवायला शिकावं. झालं, मलाही एक व्हायोलिन आलं. माझा बो सरळ जात नाही, मान अवघडते. चिरंजीव मात्र खुशीत, न सांगता रोज हजर, माझं कोपर धरून वर करतात. परवा मी कंटाळून खाली ठेवलं तर म्हणतो, "मॅडमना सांगू का, आई घरी प्रॅक्टिसच करत नाही म्हणून?"