सूचकाची देवदिवाळी

निवडणुकीत हाल होतात ते उमेदवाराचे, असं म्हणणारा माणूस कधी कुणाचा सूचक झालेला नसणार. सूचक म्हणजे उमेदवाराच्या अर्जावर त्याचं नाव सुचवून सही करणारा.

आमच्या मालवणात नगरपरिषदेची निवडणूक २०१६ नंतर थेट २०२५ मध्ये लागली. मधल्या काळात किती जण मनातल्या मनात नगरसेवक होऊन गटारं साफ करून मोकळे झाले, देव जाणे. आमचा दादा, म्हणजे आत्येचा थोरला, त्यातलाच. पक्षाने तिकीट दुसऱ्यालाच दिलं, दादा पेटला आणि अपक्ष उभा राहिला. "तुका नुसती सही करूची आसा," एवढं सांगून त्याने मला सूचक केलं. त्याने स्वतः मालमत्ता, गुन्हे, १२ सप्टेंबर २००१ नंतरची अपत्यं आणि घरातला संडास, सगळं लिहून दिलं. छाननीत अर्ज वैध ठरला, आत्येने पेढे वाटले आणि माझी साडेसाती सुरू झाली.

अर्ज मागे घ्यायची मुदत २१ नोव्हेंबर, दुपारी तीन. दादाने फोन बंद करून टाकला. उमेदवाराने लेखी अधिकार दिला तर त्याचं माघारपत्र सूचकही देऊ शकतो, हे कुठल्या तरी जाणकाराने बाजारपेठेत फोडलं आणि सगळा गाव माझ्या पडवीत येऊन बसला. पक्षाचे लोक आले, दादाचे सासरे आले. त्याला उभं राहा म्हणून गळ घालणारी वाडीतली मंडळी तर सकाळ-संध्याकाळ. त्यातले एक काका म्हणाले, "त्येका उभो आमीच केलो, मगे बसवचो हक्कय आमचोच." यावर काय बोलणार? चौथ्या पातेल्याला बायकोने आतून विचारलं, "ही चहापूड कोणत्या उमेदवाराच्या खर्चात धरायची?"

दादा बागेतल्या मांगरात सापडला. जुन्या कॅलेंडरच्या मागच्या बाजूला तो निवडणूक चिन्ह म्हणून मागायची कपबशी काढत बसला होता. कप जमला होता, बशी कानात घालायच्या रिंगेसारखी झाली होती. शेजारी शिट्टीही होती, पर्याय म्हणून. मी काही बोलायच्या आत त्याने विचारलं, "काय देतत?"

"स्वीकृत नगरसेवक. शब्द दिलोहा."

म्हणजे निवडून न येता, पक्षाने नेमून मिळणारी खुर्ची. दादाने पेन्सिल खाली ठेवली. तत्त्वाचा प्रश्न तिथेच मिटला, पण त्या दिवशी अमावास्या होती. अमावास्येला सही करणार नाही म्हणाला. अर्ज भरताना पंचांग बघितलं नव्हतं, ते आता बघितलं!

शुक्रवारी देवदिवाळी. घरोघरी गोडधोड, आणि आम्ही कचेरीच्या रांगेत. दादाने माघारीच्या कागदावर बँकेत करतो तशी इंग्रजी गिरगोटी मारली. अर्जावर मात्र मराठीत वडिलांच्या नावासकट सही. "ही सही कोणाची?" कारकुनाने विचारलं. "माझीच," दादा म्हणाला. "आणि ही?" "तीपण माझीच." कारकुनाने चष्म्यावरून आधी दादाकडे आणि मग, का कोण जाणे, माझ्याकडे बघितलं. नवा कागद, नवी सही. पक्षाचा माणूस दारात उभा राहून घड्याळाकडे बघत घाम पुसत होता. अखेर तीनच्या आत कागद आत गेला.

बाहेर व्हरांड्यात माघार घेतलेल्यांची बरीच गर्दी होती. सगळे एकमेकांच्या पाठीवर थापा मारत होते. शेजारच्या प्रभागातला एक बंडखोर दादाच्या कानाशी लागून म्हणाला, "कोणाक सांगा नको, पण माका स्वीकृतचो शब्द गावलोहा." दादा हसला. पलीकडच्याने ते ऐकलं आणि तो हसायचा थांबला. त्यालाही तोच शब्द होता. त्याच्या पलीकडच्यालाही.

वीस नगरसेवकांमागे स्वीकृत दोन. हा हिशेब तिथे कुणी मोठ्याने केला नाही, पण पाठीवरचे हात एकेक करून खाली आले.

दादाने मला कोपऱ्यात ओढलं. तीन वाजून गेले होते.

"त्येका इचार रे," कारकुनाच्या खिडकीकडे बोट करून तो म्हणाला, "माघारीची माघार घेवचो फॉर्म गावता काय?"