जुना रणगाडा राखण्याची रीत

वाचकहो, आपण मराठवाड्यात राहत असाल आणि वडिलांनी घेतलेला ट्रॅक्टर आपल्या अंगणात अजून चालू असेल, तर जगातील कोणत्याही देशाचे रणगाडा दल आपण उद्या सकाळपासून सांभाळू शकाल, याविषयी मनात शंका बाळगू नये. ज्याने तीनदा इंजिन बांधून घेतले, दोनदा गिअरबॉक्स उतरवला, मूळचा रंग कोणता होता याचा विसर पडेपर्यंत रंग दिला आणि तरीही आरसी बुकावरचे वर्ष काही बदलत नाही याची कधी खंत केली नाही, त्याला सोव्हिएत बनावटीच्या रणगाड्यांचे आधुनिकीकरण नव्याने काय शिकवायचे? परंतु ट्रॅक्टर आणि रणगाडा यांत थोडा फरक आहे, आणि त्या फरकापुरते मार्गदर्शन करणे मला माझे कर्तव्य वाटते.

आरंभ नावापासून करावा. जुन्या रणगाड्याला जुना म्हणू नये. त्याच्या नावापुढे एखादे अक्षर आणि जमल्यास एखादा आकडा जोडावा. टी-७२ हा रणगाडा निझ्नी तागीलच्या कारखान्यातून १९७० च्या दशकात बाहेर पडू लागला. त्याला टी-७२बी३ म्हटले की तो एकविसाव्या शतकातला होतो. टी-५५ तर त्याहूनही आधीच्या पिढीचा, पण स्लोव्हेनियाने त्यावर १०५ मिलिमीटरची पाश्चात्त्य तोफ बसवून त्याचे एम-५५एस केले आणि २०२२ मध्ये असे २८ रणगाडे युक्रेनला दिले. आपल्याकडे टी-७२ चे नाव ‘अजेय’ ठेवून तो चेन्नईजवळच्या आवडी गावच्या कारखान्यात बांधला गेला, हे नाव ठेवण्यातले आपले स्वतंत्र योगदान होय. तलाठ्याकडे फेरफार ओढून घेतला की सातबाऱ्यावर नवे नाव चढते आणि विहिरीतले पाणी मात्र होते तितकेच राहते, हे आपण जाणताच.

इंजिनाच्या बाबतीत घराण्याचा अभिमान धरावा. १९३० च्या दशकात खारकोव्हच्या कारखान्यात व्ही-२ नावाचे बारा सिलिंडरचे डिझेल इंजिन तयार झाले, आणि दुसऱ्या महायुद्धातल्या टी-३४ रणगाड्यात त्याने सुमारे ५०० अश्वशक्ती दिली. पुढे याच घराण्यात, साधारण ३८.८ लिटरची तीच बैठक कायम ठेवून, टी-५५ साठी ५८०, टी-७२ साठी ७८० आणि नंतर ८४०, व टी-९० साठी १००० अश्वशक्तीपर्यंत मजल गेली. आजोबांनी खोदलेल्या विहिरीत मुलाने दोन परस अधिक खोदावे, नातवाने आडवे बोअर मारावेत आणि तरीही गावाने तिला आजोबांचीच विहीर म्हणावे, असा हा प्रकार आहे. भारताने मार्च २०२५ मध्ये आपल्या टी-७२ साठी ७८० अश्वशक्तीच्या जागी १००० अश्वशक्तीची इंजिने घेण्याचा २४.८ कोटी डॉलरचा करार रशियाशी केला आणि त्यात आवडीला तंत्रज्ञान देण्याची अटही घातली. खरे सांगायचे तर या लेखात येणाऱ्या सर्व उदाहरणांत हा व्यवहार सर्वांत शहाणपणाचा आहे आणि म्हणूनच माझ्या फारसा उपयोगाचा नाही.

तथापि इंजिन बदलले म्हणजे सर्व बदलले, असा समज आपण लोकांचा होऊ द्यावा. टी-७२ ला मागे जाण्यासाठी एकच गिअर आहे आणि त्यावर तो ताशी सुमारे ४ किलोमीटर वेगाने मागे सरकतो. पैठणहून पंढरपूरला निघालेली नाथांची दिंडी याहून मंद चालत नाही. शत्रूचे क्षेपणास्त्र समोर दिसले असता दिंडीच्या चालीने माघार घेणे कठीण वाटत असेल, तर माघार हा शब्दच पुस्तिकेतून काढून टाकावा. पुढे जाण्याचा वेग आकर्षक असल्याने जाहिरातीत तोच छापावा. रात्री दिसावे यासाठी चष्मा मात्र परक्याचा घ्यावा, आणि तोही शक्यतो ज्याच्याशी पुढे वाकडे यायचे आहे त्याच्याकडून. रशियाने टी-७२बी३ च्या दृष्टियंत्रात फ्रान्सच्या थॅलेस कंपनीचे उष्णतादर्शक कॅमेरे बसवले होते.

आता चिलखताकडे वळू. चिलखत कमी पडते असे कोणी म्हटले, तर मूळ चिलखतास हात न लावता वरून काहीतरी चिकटवावे. १९८० च्या दशकाच्या आरंभी टी-५५ आणि टी-६२ यांच्या बुरुजावर, म्हणजे तोफ धरणाऱ्या वरच्या फिरत्या भागावर, तोफेच्या दोन्ही बाजूंना, अर्धगोल जाड पट्ट्या बसवण्यात आल्या. त्या पाहून सैनिकांनी त्यांना ‘इलिचच्या भुवया’ असे नाव दिले, कारण सोव्हिएत नेते लिओनिद इलिच ब्रेझनेव्ह यांच्या भुवया साऱ्या जगाला ठाऊक होत्या. ब्रेझनेव्ह १९८२ मध्ये निवर्तले. भुवया कोठारात राहिल्या आणि २०२२ मध्ये युक्रेनच्या युद्धभूमीवर पुन्हा दिसू लागल्या. दरम्यान वरून येणाऱ्या स्वस्त ड्रोनचे युग आल्याने बुरुजावर लोखंडी जाळीचा मांडव घालण्याची प्रथा पडली, आणि एप्रिल २०२४ मध्ये तर रणगाड्यावर चहूबाजूंनी पत्रे ठोकून त्याचे चालते गोठे करण्यात आले. अशा गोठ्यात बसून तोफ नीट फिरवता येत नाही, ही तक्रार आपण मनावर घेऊ नये. अद्रकावर आणि ढोबळी मिरचीवर शेडनेट घालणाऱ्या आपल्या शेतकऱ्यांना हे तंत्र पूर्वीच अवगत असून, त्यावर अनुदान कोणत्या खात्याचे मिळवावे एवढाच प्रश्न शिल्लक राहतो.

आता दारूगोळ्याचा मुद्दा. तो आपण कोणापुढे काढू नये, म्हणून मी तो येथेच काढतो. टी-५५ मध्ये चार माणसे असत, पैकी एक तोफेत गोळा भरत असे. टी-७२ च्या रचनाकारांनी हा चौथा माणूस काढून टाकला आणि त्याच्या जागी यंत्र बसवले. त्यामुळे रणगाडा लहान, ठेंगणा आणि हलका झाला. ही बचत खरोखरच हुशारीची होती. मात्र यंत्राचे २२ गोळे आणि त्यांची दारू बुरुजाच्या खाली गोल चक्रात रचलेली असते, उरलेले गोळे जागा मिळेल तिथे कोंबलेले असतात, आणि या चक्राच्या डोक्यावर कमांडर व तोफची हे दोघे बसतात. चिलखत भेदले जाऊन ती दारू पेटली तर बुरुज आपल्या तोफेसह हवेत उडतो. इराकमध्ये १९९१ साली हे दिसले, चेचन्यात दिसले, आणि युक्रेनमध्ये तर जगाने ते मोबाईलवर पाहिले. भुवया, जाळ्या, नवे इंजिन, नवा चष्मा यांपैकी कशानेही हे चक्र जागचे हलत नाही, कारण ते हलवायचे म्हणजे नवा रणगाडाच बांधायचा. म्हणून सुधारणेच्या यादीत चक्राचा उल्लेख टाळावा आणि आसनांची गादी बदलल्याचे ठळकपणे नोंदवावे.

येथे एक हिशेब मनातल्या मनात करून ठेवण्यासारखा आहे. रणगाड्याचे वय दरवर्षी एकाने वाढते. त्यात बसणाऱ्या पोराचे वय मात्र वाढत नाही, ते विशीच्या आसपासच राहते. बीड, परभणी, नांदेडकडच्या रस्त्यांवर पहाटे भरतीसाठी धावणारी पोरे आपण पाहता. १६०० मीटर किती वेळात धावायचे हे त्यांना ठाऊक असते. आपल्याहून दुप्पट वयाच्या यंत्रात बसावे लागेल काय, हे विचारण्याची सोय अर्जाच्या नमुन्यात नाही, आणि ती करूही नये.

कोणी विचारलेच की मग नवा रणगाडा का नाही, तर नव्याची उदाहरणे सांगावीत. रशियाचा टी-१४ अर्माता मे २०१५ मध्ये मॉस्कोच्या लाल चौकात संचलनाच्या सरावावेळीच थांबून राहिला. २०२० पर्यंत असे २३०० घेण्याची भाषा होती, तीही तशीच थांबली. आपल्या अर्जुन रणगाड्याचा प्रकल्प १९७४ चा. टी-७२ च्या जागी येणाऱ्या भावी रणगाड्यासाठी २०२१ मध्ये माहिती मागवताना १७७० हा आकडा सांगितला गेला आणि सप्टेंबर २०२४ मध्ये त्याच्या गरजेस मान्यता मिळाली. गरज मान्य होणे म्हणजे लग्नाचा विचार पक्का होणे. मुलगी पाहणे पुढे असते. तोवर ट्रॅक्टर चालवावा.

सुटे भाग न मिळाल्यास दुसऱ्यांच्या परसात पाहावे. लाओसने २०१९ मध्ये ३० टी-३४ रशियाला परत दिले. ते संचलनासाठी आणि संग्रहालयांसाठी होते हे खरे, पण मॉस्कोच्या विजयदिनी २०२३ मध्ये जो एकमेव रणगाडा चालला तो टी-३४ च होता.

निवृत्तीचा विषय निघाल्यास आपण परांड्याचे उदाहरण द्यावे. अहमदनगरला १५४९ मध्ये ओतलेली मुलूखमैदान तोफ परांड्याच्या किल्ल्यावर होती, १६३२ मध्ये ती विजापूरला नेली, आणि ती आजही तिथेच आहे. लोखंड वितळवण्यासाठी जालन्याच्या भट्ट्या जवळच आहेत, असे एखादा व्यवहारी माणूस सुचवेल. त्याला समितीवर घेऊ नये. त्याऐवजी रणगाडा गावच्या चौकात चौथऱ्यावर ठेवावा, दर वर्षी १५ ऑगस्टपूर्वी रंगवावा, आणि इंजिनात हात घालू नये. पूर्व युक्रेनमधील कोस्त्यान्तिनिव्का या गावी दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीचा आयएस-३ रणगाडा असाच स्मारक म्हणून उभा होता; जून २०१४ मध्ये बंडखोरांनी त्यात डिझेल भरले, तो सुरू झाला आणि चौथऱ्यावरून उतरून चालू लागला. म्हणून आपल्या गावी चौथरा बांधून घेताना कंत्राटदारास सांगून पुढच्या बाजूने उतार ठेवून घ्यावा.