तळाला पोचा, अख्खा पॅक भंगारात

आज एक एस्टिमेट पाहिलं आणि डोकं फिरलं. तीन वर्षांची इलेक्ट्रिक गाडी, अडतीस हजार किलोमीटर चाललेली. ताम्हिणी घाटात रस्त्यात पडलेला दगड तळाला लागला. बॅटरीच्या ॲल्युमिनियम ट्रेला तळहाताएवढा पोचा, आतल्या कूलिंग प्लेटला बारीक चीर. आतले वीज साठवणारे सेल सगळे ठणठणीत दिसत होते. तरी कागदावर एकच ओळ: ‘बॅटरी पॅक असेंब्ली, बदलणे’. रक्कम गाडीच्या विमा उतरवलेल्या किमतीच्या ७५ टक्क्यांहून जास्त, म्हणून विमा कंपनीने टोटल लॉस, म्हणजे दुरुस्तीपलीकडची ठरवून हात झटकले. आणि त्याच गाडीच्या मागच्या काचेवर हिरव्या पानाचं स्टिकर, ‘झीरो एमिशन’!

‘आम्ही सांगत होतोच, ही कोळशावर चालणारी गाडी’ म्हणत धावत येणाऱ्यांनी जरा थांबा. तुमचं गणित त्याहून कच्चं आहे. आपल्या वीजजाळ्यावर (ग्रिडवर) एक युनिट वीज म्हणजे सरासरी सुमारे ०.७ किलो कार्बन डायऑक्साइड. तीस युनिट वीज मावणारा पॅक शहरात खरोखर दोनशे किलोमीटर नेतो. चार्जिंगमधली घट धरली तरी किलोमीटरला सव्वाशे ग्रॅमच्या आतच बसतं. लिटरला पंधरा देणारी पेट्रोल गाडी धुराड्यातूनच दीडशे सोडते, रिफायनरी आणि टँकरचा धूर वेगळा. तो धरला की १८० च्या आसपास. म्हणजे चंद्रपूरचा कोळसा जाळूनसुद्धा ही गाडी पेट्रोलला मागे टाकते. छतावर सोलर असेल आणि दुपारी चार्ज करत असाल तर तुलनाच नको. तो वाद संपला, निदान माझ्या भिंतीवर तरी.

खरी मेख पॅकमध्ये आहे. पॅक बनवतानाच क्षमतेच्या दर युनिटमागे साधारण ६० ते १०० किलो कार्बन डायऑक्साइड हवेत गेलेला असतो. तीस युनिटला दोन-तीन टन. किलोमीटरमागे साठ-सत्तर ग्रॅम वाचवत ते भरून काढायला तीस ते पन्नास हजार किलोमीटर लागतात. आता परत त्या एस्टिमेटवरचा आकडा बघा, अडतीस हजार. पृथ्वीचा हिशेब जेमतेम बरोबरीत आला आणि पॅक भंगारात. यातला एलएफपी (लिथियम-लोह-फॉस्फेट) सेल दोन हजार चार्ज-डिस्चार्ज सहज काढतो, म्हणजे कागदावर चार लाख किलोमीटर. दहातला एक भागही वापरला नव्हता!

बरं, हे दुरुस्त होत नाही का? होतं. बारा व्होल्टच्या बॅटरीची निगेटिव्ह काढायची, पॅकचं कनेक्शन तोडणारा सर्व्हिस प्लग उपसायचा, वीज धरून ठेवणारे कपॅसिटर रिकामे होईपर्यंत दहा मिनिटं थांबायचं. हजार व्होल्ट सोसणारे हातमोजे घालून टर्मिनलवर मीटर लावायचा. साठ व्होल्टच्या खाली आला की पुढचं काम. अडीचशे किलोचा पॅक लिफ्ट टेबलवर खाली घ्यायचा, झाकणाचा सीलंट कापायचा, कूलंट कुठवर पोचलंय ते बघायचं. मॉड्यूल, म्हणजे सेलचे गठ्ठे, काढून पुसायची-वाळवायची, त्यांना जोडणाऱ्या धातूच्या पट्ट्यांवर (बसबारवर) गंज चढलाय का ते तपासायचं, ट्रे आणि प्लेट नवी टाकायची. मग नवा सीलंट, हवेचा दाब भरून लीक टेस्ट आणि शेवटी इन्सुलेशन, म्हणजे पॅकची वीज गाडीच्या सांगाड्यात झिरपत नाही ना, ते मोजायचं. नियमाची किमान मर्यादा व्होल्टला शंभर ओहम, म्हणजे ३२० व्होल्टच्या पॅकला ३२ किलोओहम. पण चांगला पॅक मेगाओहममध्ये बोलतो. किलोओहममध्ये रेंगाळत असेल तर आत ओल राहिलीय, झाकण परत उघडा.

एखादं मॉड्यूलच बदलायचं असेल तर मात्र घाईचं काम नाही. एलएफपीचा व्होल्टेज मधल्या टप्प्यात सपाट असतो. ३० टक्के भरलेला सेल आणि ७० टक्के भरलेला सेल, दोन्ही ३.३ व्होल्टच्या आसपासच दिसतात. मीटर बघून ‘जुळले’ म्हणून जोडले की नंतर गाडी निम्म्या चार्जवरच बंद पडते, कारण सिरीजमध्ये सगळ्यात रिकामा सेल संपला की पॅक संपला. म्हणून जुने-नवे सगळे ३.६५ व्होल्टपर्यंत भरून घ्यायचे आणि मगच जोडायचे. वेळखाऊ आहे, पण अवघड नाही. दोन प्रशिक्षित माणसांचं काही दिवसांचं काम.

गळक्या कौलासाठी घर पाडायचं, तसा हा प्रकार चाललाय. ट्रे बहुतेकदा सुटा पार्ट म्हणून मिळत नाही. मॉड्यूल मिळालं तरी बीएमएस, म्हणजे पॅकवर लक्ष ठेवणारा कॉम्प्युटर, त्याचा नवा नंबर स्वीकारत नाही, त्याला कंपनीचं सॉफ्टवेअर लागतं आणि ते बाहेर कोणाला देत नाहीत. त्यात आता सेल-टू-पॅक आलं: मॉड्यूलच नाही, सेल थेट ट्रेला गोंदाने चिकटवलेले. पॅक हलका होतो, स्वस्त होतो. आणि उघडायचा म्हटलं तर छिन्नी घेऊन बसा.

कंपन्या म्हणतात सुरक्षेसाठी. ठीक, मान्य: दबलेल्या सेलला आग लागू शकते आणि रस्त्यावरच्या कोणीही पॅक उघडू नये. पण त्या गाडीतला एकही सेल दबल्याचं कुठे दिसत नव्हतं हो! दबलाय की नाही हे बघायला झाकण उघडावं लागतं, आणि तेच उघडायची परवानगी त्या सर्व्हिस सेंटरला नाही. तिथल्या पोरांवर राग नाही माझा. कॉम्प्युटरवर बिघाडाचा कोड आला, मॅन्युअलमध्ये ‘बदला’ लिहिलंय, ते बदलतात. पॅक उघडण्याचं प्रशिक्षण त्यांना कोणी दिलेलंच नाही.

‘रिसायकल होईल ना’ हे ऐकून तर अजून चिडचिड होते. होईल. पॅक डिस्चार्ज करून श्रेडरमध्ये घालतील, काळी भुकटी निघेल, ॲसिडमध्ये विरघळवून धातू वेगळे काढतील. पण एलएफपीत ना कोबाल्ट, ना निकेल. काँगोतल्या कोबाल्ट खाणींमधल्या मजुरांच्या दृष्टीने हे उत्तमच, पण भंगारात त्याला भाव काय येणार? तीस युनिटच्या पॅकमध्ये लिथियम जेमतेम तीन किलो, बाकी तांबं, ॲल्युमिनियम, ग्रॅफाइट, लोह-फॉस्फेट. २०२२ च्या बॅटरी कचरा नियमांनी २०२६-२७ पासून ९० टक्के साहित्य परत काढायचं बंधन घातलंय, चांगलंच केलं. पण पॅक उघडता येईल असाच बनवा, अशी सक्ती त्यात नाही. भंगार झाल्यावर काय करायचं याची चिंता सगळ्यांना, भंगार होऊच नये याची कोणाला नाही. राज्य सरकारने अटल सेतूवर आणि समृद्धीवर इलेक्ट्रिक गाड्यांना टोल माफ केला. मग त्याच धोरणात दुरुस्तीची एक अट घालायला काय हरकत होती?

असो. ज्यांच्या दारात गाडी आहे त्यांनी घाबरू नका, पण एवढं करा. कूलंटची पातळी दर महिन्याला बघा. कमी होतेय आणि खाली जमिनीवर थेंब नाही, तर ते आत जात असू शकतं. गाडी चालवू नका, चार्जिंगला लावू नका, टो करून न्या. तळाला काही लागलं की त्याच दिवशी रॅम्पवर चढवून फोटो काढा, विम्याला ते लागतात. एलएफपी असेल तर मॅन्युअलमध्ये सांगितल्याप्रमाणे अधूनमधून १०० टक्के भरा, नाहीतर बीएमएसचा अंदाज चुकत जातो. पण नागपूरच्या मे महिन्यात पूर्ण भरलेली गाडी आठवडाभर उन्हात सोडून गावाला जाऊ नका.

आणि जे घेणार आहेत, त्यांनी रेंज आणि सनरूफ विचारून झाल्यावर हेही विचारा: मॉड्यूल सुटं मिळतं का, किंमत किती? पॅकचा ट्रे पार्ट लिस्टमध्ये आहे का? पॅक उघडणारं सगळ्यात जवळचं सेंटर कुठे? वॉरंटीत तळाला लागलेला मार धरतात का? उत्तर तोंडी नको, ईमेलवर मागा. आलंच तर मॉडेल आणि शहर लिहून इथे खाली टाका, यादी करू.