संमती ग्रामसभेची आहे

‘सत्तेत गेल्यावर तडजोड अटळ असते, हे चळवळीतल्या माणसांनी समजून घ्यावे’ हे, चळवळीतून सत्तेत गेलेल्यांची बाजू घेणाऱ्या लेखातील विधान मला पटले नाही. निधीवाटपात किंवा पक्षातल्या पदांत तडजोड होते, हे आम्हा खेड्यातल्या लोकांनाही कळते. पण वनजमीन खाणीसारख्या इतर कामासाठी वळती करण्यापूर्वी ग्रामसभेची संमती हवी, असे केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाच्या ऑगस्ट २००९ च्या परिपत्रकाने स्पष्ट केले होते. ती संमती आमदाराची नव्हे, मग चळवळीतून निवडून आलेल्या आमदारांना ती परस्पर सोडून देण्याचा अधिकार कोणी दिला?

चंद्रपूर जिल्ह्यातील आमच्या भागात २००६ चा वनहक्क कायदा कलमवार वाचून दाखवणारे आणि जंगलावर सामूहिक हक्क मिळवलेल्या गडचिरोलीतील मेंढा-लेखा गावाचे उदाहरण देऊन आम्हाला तसेच सामूहिक वनहक्काचे दावे भरायला लावणारे कार्यकर्तेच पुढे निवडून आले, आणि कोळसा खाणीच्या विस्तारावरील जनसुनावणीत, रोजगारासाठी थोडे सोसावे लागेल, असे आम्हालाच सांगू लागले. सोसतो आहोतच. खाणीच्या रस्त्यालगतच्या शेतात फुटलेल्या बोंडांवर काळपट थर बसतो, आणि व्यापारी कापूस बोटांत चोळून, प्रत खालची ठरवून भाव पाडतो. दुसऱ्या कोणी खाणीची बाजू घेतली असती, तर गाव एकजुटीने उभे राहिले असते; यांनी घेतल्यावर निम्मे गाव गप्प बसले, कारण कायदा यांच्याइतका कोणाला कळत नाही, अशी लोकांची खात्री होती. हे नुकसान लेखकाने हिशेबात धरलेलेच नाही. या आमदारांनी निदान एकदा ग्रामसभेत येऊन, खाणीच्या संमतीचा ठराव मांडला जात असताना, आपली बदललेली भूमिका आमच्यासमोर सांगावी, एवढीच आमची मागणी आहे.