छिंगमिंग सणात धूर नसला तरी चालेल, घरची माणसे मात्र हवीत

दरवर्षी 4 किंवा 5 एप्रिलच्या सुमारास चीनमध्ये छिंगमिंग हा पूर्वजांच्या स्मरणाचा सण येतो. चीनमधले बहुतेक पारंपरिक सण चांद्र तिथीनुसार येतात. हा मात्र सूर्याच्या गतीवर ठरतो, म्हणून त्याची तारीख फारशी हलत नाही. अलीकडे तेथील अनेक शहरांनी या सणाला पूर्वजांना परलोकात खर्चाला म्हणून खोट्या कागदी नोटा जाळण्यावर निर्बंध घातले आहेत आणि त्यामुळे परंपराच बुडेल, अशी हळहळ व्यक्त होते. मला ते पटत नाही.

या सणाचा गाभा कबरीवर केलेल्या कष्टात आहे. घरातली लहानथोर माणसे विळे, फावडी आणि झाडू घेऊन टेकडी चढतात, वर्षभर माजलेले गवत उपटतात, पावसाने खचलेल्या मातीच्या उंचवट्यावर नवी भर घालतात आणि शिळेवरची पुसट झालेली अक्षरे रंगाने पुन्हा गिरवतात. आजोबा-पणजोबांची नावे मुलांना अशीच पाठ होतात. मग अन्न आणि मद्य अर्पण करून, गुडघे टेकून नमस्कार केला जातो. दक्षिणेतल्या क्वांगतुंग प्रांतात आणि हाँगकाँगकडे अख्खे भाजलेले डुक्कर नैवेद्याला ठेवतात आणि नंतर त्याचे वाटे करून सगळे खातात. यांगत्से नदीच्या खालच्या खोऱ्यात चिकट तांदळाच्या पिठात कोवळ्या दवण्यासारख्या वनस्पतीचा हिरवा रस मळून, आत लाल चवळीसारख्या कडधान्याचे गोड पुरण भरून गोळे वाफवतात. ते थंडच खातात, कारण चूल न पेटवण्याचा जुना ‘थंड अन्नाचा’ सण पुढे छिंगमिंगमध्येच मिसळला. त्या सणाला कबरीवर जाण्याच्या प्रथेला थांग घराण्यातील सम्राट श्वानत्सुंगने 732 मध्ये राजमान्यता दिली होती. शोकाच्या जोडीने त्याच दिवशी हिरवळीवर फिरणे आणि पतंग उडवणेही चालते, आणि त्यात कोणालाही विसंगती वाटत नाही.

कोरड्या वसंतात डोंगरावरच्या एका ठिणगीने वणवा पेटतो. तेव्हा बंदीचा आग्रह मी समजू शकतो. मला खरी चिंता वाटते ती पैसे देऊन परक्या माणसाकडून कबर झाडून घेण्याची आणि ते दृश्य मोबाइलवर पाहण्याची. परक्याने जाण्याला माझा विरोध नाही. युद्धात चिनी जखमींवर उपचार करणारे सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस 1942 मध्ये चीनमध्येच वारले. शिजियाझुआंगमधील त्यांच्या समाधीवर छिंगमिंगला तेथील लोक फुले वाहतात. पण ते आपल्या इच्छेने, कृतज्ञतेपोटी जातात.

दूरच्या शहरांत राबणाऱ्यांना गावी पोहोचणे अवघड असते, हे खरे. सार्वजनिक सुट्टीही 2008 पासूनच मिळू लागली. परंतु सणाच्या आधी-नंतरच्या काही दिवसांतही कबरीवर गेलेले रूढीला चालते, तेव्हा कारखान्यांनी त्या दिवसांत आळीपाळीने रजा द्यावी. काही ठिकाणी कागदी नोटांच्या बदल्यात ताजी फुले दिली जातात; बंदी घालणाऱ्या प्रत्येक शहराने ती सोय करावी आणि स्मशानभूमीपर्यंत जादा बसगाड्याही सोडाव्यात.